दोन भाषांच्या संगमावरील ज्ञानतपस्वी : डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये

दुधगंगेच्या काठावर, बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यात सदलगा हे गाव वसलेले आहे. येथून कोल्हापूर जवळ आणि जिल्ह्याचे ठाणे बेळगाव त्या मानाने दूर. या पट्ट्यातील जैन घरांतून पिढ्यान् पिढ्या कन्नड बोलली गेली, बाजारपेठेत मराठी चालली आणि मंदिरात संस्कृत-प्राकृत स्तोत्रांचा घोष होत राहिला. कोणती भाषा आपली आणि कोणती परकी, असा प्रश्न येथील शेतकऱ्याला कधी पडला नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज जवळच्याच भोज गावचे आणि आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १९४६ साली याच सदलग्यात झाला. त्यागाची अशी थोर परंपरा लाभलेल्या या भूमीने ज्ञानाच्या क्षेत्रातही एक तपस्वी दिला. प्राकृत विद्येचे जागतिक कीर्तीचे संशोधक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे ते थोर पुरुष होत.

जन्म आणि शिक्षण

आदिनाथांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी सदलगा येथे झाला. मंदिरातील पूजाविधी आणि शास्त्रवाचन हे ज्या घराण्यांचे परंपरागत कार्य, त्या उपाध्ये घराण्यातील हे अपत्य. धर्मग्रंथांविषयीचा आदर त्यांना वारशानेच मिळाला. मात्र ग्रंथाला केवळ नमस्कार करून तो पुन्हा वेष्टनात बांधून ठेवण्यावर त्यांचे समाधान झाले नाही. ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या भाषेत लिहिला आणि आज आपल्या हाती असलेला पाठ मूळ लेखकाचा आहे की मध्येच कोणा लेखनिकाच्या हातून बदललेला आहे, हे प्रश्न विचारणे म्हणजेच खरी श्रुतभक्ती होय, अशा वृत्तीने त्यांनी पुढील सारे आयुष्य घालविले.

माध्यमिक शिक्षणासाठी ते बेळगावास गेले. पुढे सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था येथील वातावरणात त्यांच्या व्यासंगाला शिस्त लागली. १९३० साली ते मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवून बाहेर पडले. त्या काळी पुणे, सांगली, बेळगाव आणि धारवाड ही सारी केंद्रे एकाच मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली होती. मराठी आणि कन्नड विद्यार्थी एकाच परीक्षेला बसत आणि एकाच ग्रंथालयात अभ्यास करीत. या मोकळ्या वातावरणाचा संस्कार डॉ. उपाध्ये यांच्यावर कायमचा राहिला.

राजाराम महाविद्यालयातील ३२ वर्षे

१९३० मध्येच कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९६२ पर्यंत, म्हणजे सलग ३२ वर्षे, त्यांनी तेथे अध्यापन केले. कोल्हापूर संस्थानचे हे महाविद्यालय त्या काळात विद्वानांचे माहेरघर होते. इतिहासकार डॉ. बाळकृष्ण तेथे प्राचार्य होते. कादंबरीकार ना. सी. फडके आणि कवी माधव जूलियन तेथे शिकवीत. पुढे कन्नडचे श्रेष्ठ कवी विनायक कृष्ण गोकाक हेही तेथे प्राचार्य झाले. माधव जूलियन यांनी १९३६ साली आणि फडके यांनी १९४० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. गोकाक यांना १९५८ साली आणि डॉ. उपाध्ये यांना १९६७ साली कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. दोन भाषांच्या साहित्य संमेलनांना इतके अध्यक्ष देणारे हे महाविद्यालय करवीरनगरीच्या स्वभावाचे प्रतीकच म्हणावे लागेल. करवीरच्या शिलाहार राजांचे शिलालेख संस्कृतप्रमाणे कन्नडमध्येही कोरलेले आहेत आणि याच भूमीत मराठी रंगभूमी, चित्रपट व साहित्य बहरले. दोन्ही प्रवाह येथे शतकानुशतके एकत्र वाहत आले आहेत.

ताडपत्रांवरून ग्रंथांकडे

१९३५ साली रायचंद्र जैन शास्त्रमालेतून आचार्य कुंदकुंदांचा प्रवचनसार हा ग्रंथ डॉ. उपाध्ये यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे २९ वर्षांचे होते. या ग्रंथाला त्यांनी जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत कुंदकुंदांचा काळ, त्यांची ग्रंथरचना, तत्त्वज्ञान आणि भाषा यांचे इतके साक्षेपी विवेचन होते, की देशोदेशींच्या प्राच्यविद्या पंडितांना त्याची दखल घ्यावी लागली. १९३७ मध्ये योगींदुदेवांचा परमात्मप्रकाश हा अपभ्रंश ग्रंथ आणि १९३८ मध्ये जटासिंहनंदींचे वरांगचरित हे संस्कृत काव्य त्यांनी प्रकाशात आणले. १९३९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सर्वोच्च पदवी दिली.

वरांगचरिताची कथा तर प्रत्येक श्रावकाने लक्षात ठेवावी अशी आहे. हे काव्य लुप्त झाले, असेच विद्वान मानीत. त्याचा कर्ता कोण, याविषयीही गैरसमज होता. कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठाच्या ग्रंथभांडारात त्याची ताडपत्रावरील प्रत डॉ. उपाध्ये यांच्या दृष्टीस पडली. भाषा संस्कृत आणि लिपी जुनी कन्नड. ही लिपी वाचू न शकणाऱ्याला ती पाने मुकीच राहिली असती. डॉ. उपाध्ये यांनी ती वाचली, पाठ निश्चित केला आणि हा ग्रंथ जटासिंहनंदींचाच आहे, हे साधार दाखवून दिले. या आचार्यांची स्मृती कर्नाटकातील कोप्पळ येथे पाषाणावर कोरलेल्या पादुकांच्या रूपाने जतन झालेली आहे. कोप्पळला पादुका, कोल्हापुरात ताडपत्रे आणि मुंबईच्या माणिकचंद्र ग्रंथमालेतून मुद्रण, असा या एका ग्रंथाचा प्रवास आहे. आजच्या राज्यांच्या सीमा त्याला लावू गेल्यास त्याचा अर्थच हरवून जातो.

षट्खंडागमाच्या धवला टीकेचे प्रकाशन हे विसाव्या शतकातील जैन साहित्याच्या उद्धाराचे सर्वांत मोठे कार्य होय. या सिद्धांतग्रंथाच्या ताडपत्र प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके सुरक्षित होत्या. त्यांचे दर्शन घडे, परंतु अध्ययन घडत नसे. डॉ. हिरालाल जैन यांनी विदर्भातील अमरावती येथून १९३९ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि पुढे एकंदर १६ भागांत ते कार्य पूर्णत्वास गेले. या महायज्ञात डॉ. उपाध्ये त्यांचे सहकारी संपादक होते. मध्य प्रांतातील हिंदीभाषक हिरालालजी आणि कन्नडभाषक आदिनाथजी यांचे हे सख्य १९७३ मध्ये हिरालालजींचे देहावसान होईपर्यंत टिकले. सोलापूरची जीवराज जैन ग्रंथमाला आणि भारतीय ज्ञानपीठाची मूर्तिदेवी ग्रंथमाला यांचे प्रधान संपादकत्व दोघांनी मिळून सांभाळले.

मराठीचे ऋण फेडणारा कन्नडपुत्र

डॉ. उपाध्ये यांची मातृभाषा कन्नड होती. तथापि मराठी भाषेच्या पूर्वेतिहासावर त्यांच्या दोन ग्रंथांनी जो प्रकाश टाकला, त्याचे मोल मराठी माणसाने कधीही विसरू नये.

१९४९ साली सिंघी जैन ग्रंथमालेतून त्यांनी लीलावई हे प्राकृत काव्य संपादित केले. कोऊहल या कवीचे हे काव्य सुमारे आठव्या-नवव्या शतकातील मानले जाते. प्रतिष्ठान, म्हणजेच आजचे पैठण, येथील सातवाहन राजा आणि सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती यांची ही प्रेमकथा आहे. आपण ही कथा मरहट्ट देशी भाषेत रचली, असे या कवीने आपल्या काव्यात नमूद केले आहे. हा कवी जैन नव्हता. ग्रंथ कोणत्या धर्माच्या अनुयायाने लिहिला, यापेक्षा त्याचे भाषिक व वाङ्मयीन मोल काय, हेच डॉ. उपाध्ये यांनी पाहिले. अनेकान्ताची दृष्टी संशोधनात उतरली म्हणजे ती कशी असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरा ग्रंथ उद्द्योतनसूरींचा कुवलयमाला. शके ७०० च्या अखेरीस, इसवी सन ७७९ मध्ये, राजस्थानातील जालोर येथे हा ग्रंथ पूर्ण झाला. जैसलमेरच्या भांडारातील ताडपत्र प्रत आणि पुण्यातील कागदी प्रत या दोहोंचे पाठ अक्षर अन् अक्षर ताडून डॉ. उपाध्ये यांनी १९५९ मध्ये मूळ पाठ आणि १९७० मध्ये विवेचनाचा दुसरा भाग प्रसिद्ध केला. या कथेतील राजपुत्र कुवलयचंद्र दक्षिणेतील विजयापुरीच्या बाजारात जातो आणि तेथे देशोदेशींचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना ऐकतो. गुर्जर, लाट, मालव, कर्नाटक, आंध्र, कोसल अशा अनेक देशांच्या लोकांचे रूप, स्वभाव आणि बोलीचे नमुने सूरींनी मोजक्या शब्दांत टिपले आहेत. त्यात महाराष्ट्रातील माणूसही आहे. तो दणकट, ठेंगणा, सावळ्या अंगाचा, सोशिक, अभिमानी आणि काहीसा भांडखोर असल्याचे वर्णन आहे. सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वी एका जैन मुनीने केलेले हे वर्णन वाचून आजचा मराठी वाचकही हसतो आणि मनोमन मान्य करतो. मराठी माणसाच्या अस्मितेचे इतके जुने चित्र जपले ते राजस्थानात रचलेल्या एका प्राकृत ग्रंथाने आणि त्याचा शुद्ध पाठ निश्चित केला तो सदलग्याच्या कन्नडभाषक पंडिताने.

प्राकृत भाषांच्या नावांमागचे वास्तवही या अभ्यासातून उलगडते. महाराष्ट्राचे नाव धारण करणारी माहाराष्ट्री प्राकृत पश्चिम भारतातील श्वेतांबर आचार्यांनी कथाग्रंथांसाठी वापरली. मथुरेकडील शूरसेन देशाचे नाव असलेली शौरसेनी दक्षिणेतील दिगंबर आचार्यांच्या लेखणीत रुजली. भाषेला प्रदेशाचे नाव मिळते, परंतु ती त्या प्रदेशाच्या कुंपणात राहत नाही. ज्याला तिची गरज आणि गोडी, त्याची ती होते.

कन्नडच्या बाजूनेही त्यांची सेवा तितकीच मोठी आहे. १९४३ साली हरिषेणाचा बृहत्कथाकोश संपादित करताना त्यांनी आराधना परंपरेतील कथांचा मागोवा घेतला आणि वड्डाराधने या प्राचीन कन्नड गद्यग्रंथाचे त्या परंपरेशी असलेले नाते स्पष्ट केले. यापनीय संघाविषयीचे त्यांचे संशोधनही असेच मूलगामी आहे. या संघाचे मुनी दिगंबर असत, परंतु स्त्रीमुक्तीसारखे श्वेतांबर परंपरेतील विचार ते मान्य करीत. हा लुप्त संघ बेळगाव, धारवाड, कोल्हापूर या भागांत एके काळी किती प्रभावी होता, हे शिलालेखांच्या आधारे दाखविणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत डॉ. उपाध्ये यांची गणना होते.

सोलापूरची ग्रंथमाला

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून सोलापुरात उभी राहिलेली जीवराज जैन ग्रंथमाला म्हणजे बहुभाषिक महाराष्ट्राचे छोटे रूपच होय. दाते गुजराती वंशाचे, नगरी मराठी-कन्नड-तेलुगूच्या संगमावरची आणि ग्रंथ प्राकृत, संस्कृत, हिंदी, इंग्रजी, कन्नड व मराठी अशा अनेक भाषांतील. आसामचे कृष्णकांत हंदिकी यांचा यशस्तिलकावरील ग्रंथ १९४९ मध्ये आणि पांडुरंग भीमराव देसाई यांचा दक्षिणेतील जैन धर्म व शिलालेख यांवरील ग्रंथ १९५७ मध्ये याच मालेतून निघाला. मध्ययुगीन जैन कवींच्या मराठी रचनांनाही या मालेने आश्रय दिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांची फारशी दखल घेतली गेली नव्हती, अशा त्या रचना त्यामुळे अभ्यासकांच्या हाती आल्या.

सीमेची रेषा आणि अध्यक्षपद

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कोल्हापूर मुंबई राज्यातच राहिले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आले. डॉ. उपाध्ये यांचे जन्मग्राम एका राज्यात आणि कर्मभूमी दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती निर्माण झाली. ही स्थिती त्यांची एकट्याची नव्हती. या भागातील शेकडो जैन कुटुंबांचे माहेर एकीकडे आणि सासर दुसरीकडे झाले. मंदिर एका राज्यात आणि त्याचे भक्त दुसऱ्या राज्यात, असेही घडले. सीमाप्रश्नाने दोन्ही बाजूंची मने तापली. केंद्र सरकारने ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला आणि १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही.

नेमक्या त्याच १९६७ साली श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या अखिल भारतीय कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. उपाध्ये यांना मिळाले. आदल्याच वर्षी अलीगढ येथे भरलेल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याने आयुष्याची ऐन वर्षे महाराष्ट्रातील नगरीत घालविली, त्याला कर्नाटकाने आपल्या साहित्याचा सर्वोच्च मान द्यावा आणि तो मान स्वीकारूनही त्याने कोल्हापूरशी असलेले नाते तोडू नये, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. प्रांतीय अभिमानाचा जोर वाढला म्हणजे माणसाला एक बाजू निवडण्यास सांगितले जाते. डॉ. उपाध्ये यांच्या आयुष्यात ही निवड दिसत नाही. कन्नड ही त्यांची आई होती आणि महाराष्ट्र हे त्यांचे घर होते. दोहोंचे देणे त्यांनी आपल्या लेखणीने चुकते केले.

संमेलनाचे स्थळही अर्थपूर्ण होते. श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींच्या विशाल मूर्तीच्या चरणांपाशी जे लेख कोरलेले आहेत, त्यांत चामुंडरायाने ही मूर्ती करविल्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. कन्नड देशाच्या हृदयस्थानी, तीर्थंकरपुत्राच्या पायाशी मराठीचे हे जुने अक्षर उभे आहे. यात्रेकरू ज्या भाषेतून येईल, त्या भाषेत त्याला सांगावे, इतका सरळ विचार त्यामागे असावा. ज्या क्षेत्री तीन भाषा एका चरणापाशी सुखाने नांदत आल्या, त्याच क्षेत्री सदलगा-कोल्हापूरच्या या पंडिताला अध्यक्षपदाचा मान लाभला, हा योग फार मोठा.

म्हैसूर आणि अखेरचा काळ

१९७१ साली म्हैसूर विद्यापीठाने जैनविद्या व प्राकृत अध्यासनासाठी डॉ. उपाध्ये यांना पाचारण केले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी नव्या विभागाची जबाबदारी अंगावर घेतली आणि तरुण अभ्यासकांना घडविले. १९७५ मध्ये ते कार्य आटोपून ते कोल्हापुरास परतले. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी कोल्हापुरातच त्यांची प्राणज्योत मालवली. सदलग्यात उगवलेला हा ज्ञानसूर्य पंचगंगेच्या तीरी मावळला.

वारसा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. कन्नडला तो २००८ मध्येच मिळाला होता. मराठीच्या प्राचीनतेचा विचार माहाराष्ट्री प्राकृतापासून सुरू होतो आणि त्या प्राकृताचे ग्रंथ शुद्ध पाठासह हाती आले, ते डॉ. उपाध्ये यांच्यासारख्या संपादकांच्या परिश्रमांमुळे. या तिन्ही भाषांच्या गौरवात त्यांचा वाटा आहे.

परंतु आनंदाबरोबर एका जबाबदारीचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे. मठा-मंदिरांच्या कपाटांत ताडपत्रे आजही आहेत. त्यांची लिपी मुख्यतः जुनी कन्नड आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर-सांगली परिसरात ज्या घरांत आजोबा कन्नड बोलत, त्यांतील अनेक घरांची नातवंडे आता केवळ मराठी व इंग्रजी जाणतात. मराठी झाल्याचा अभिमान योग्यच आहे. तथापि लिपी विसरली म्हणजे पूर्वजांनी हाताने लिहिलेले शास्त्रही परके होते. जिनवाणीची पूजा करणाऱ्या समाजात ती वाचू शकणारे हात दर पिढीत किमान काही तरी निर्माण झाले पाहिजेत. ताडपत्रांची सूची करणे, त्यांची छायाचित्रे घेऊन जतन करणे आणि होतकरू विद्यार्थ्यांना प्राकृत व हळेकन्नड शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देणे, ही कामे समाजाच्या आवाक्यातील आहेत. कळस चढविण्याइतकेच पुण्य त्यात आहे.

डॉ. उपाध्ये यांनी मोठे भवन बांधले नाही, संपत्ती मिळविली नाही. एका हाताने महाराष्ट्र आणि दुसऱ्या हाताने कर्नाटक धरून त्यांनी श्रुतदेवतेची सेवा केली. सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी अशा ज्ञानतपस्व्याचे पुण्यस्मरण होणे उचितच आहे. त्यांच्या पवित्र स्मृतीस त्रिवार वंदन.